रत्नागिरीचा थिबा पॅलेस बघता, मग थिबाची कबर का नाही?

खाडीकाठ
रत्नागिरीला येणाऱ्यांची फेरी ठरलेली असते. रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, भाट्याचा किनारा, थिबा पॅलेस आणि सूर्यास्ताला थिबा पॉइंट. ज्या राजाच्या नावाने हे सगळं ओळखलं जातं त्याची कबरही याच शहरात आहे. तिथे सहसा कोणी जात नाही. रिक्षावाल्यालाही दोनदा सांगावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की वाडा आणि कबर एकाच दिवशी, लागोपाठ बघा. नुसता वाडा बघून परत गेलात तर अर्धीच गोष्ट ऐकून उठल्यासारखं होतं.

ज्यांना इतिहास माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८७८ साली गादीवर आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या राज्यात सागवान तोडायचा ठेका बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होता. ही कंपनी १८६३ मध्ये आपल्या मुंबईत उभी राहिली. तोडलेले ओंडके कमी दाखवून कंपनीने राजाचा महसूल बुडवला, असं मंडालेच्या दरबाराचं म्हणणं होतं. दरबाराने मोठा दंड ठोठावला आणि इंग्रजांना हवं होतं ते निमित्त मिळालं. १८८५ च्या नोव्हेंबरच्या मध्याला युद्ध सुरू झालं आणि महिना संपायच्या आत मंडाले पडलंसुद्धा. राजाला, राणी सुपायालतला आणि तिची धाकटी बहीण असलेल्या धाकट्या राणीला बोटीत बसवून आधी मद्रासला नेलं, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीच्या बंदरात उतरवलं. म्हणजे मुंबईच्या कंपनीच्या भांडणातून राज्य गेलं, आणि कैद भोगायला राजा आला तो मुंबई इलाख्यातच.

रत्नागिरीच का? आजच्या माणसाने कोकण रेल्वे डोक्यातून काढून टाकून विचार करावा. पाठीशी सह्याद्रीचे घाट, पुढे समुद्र, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बंदर बंद. ब्रह्मदेशापासून तर इतकं लांब की तिकडचं माणूस चुकूनही इकडे फिरकणार नाही. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांना स्थानबद्ध करायलाही सरकारला हाच जिल्हा सोयीचा वाटला.

आता वाड्याबद्दल. पुष्कळांना वाटतं की राजा आला आणि इंग्रजांनी त्याला राजवाडा बांधून दिला. तसं नाही. आला तेव्हा त्याची सोय बंगल्यांमध्ये केली होती, आणि तिथे त्याची वीसहून जास्त वर्षं गेली. अर्ज-विनंत्या करून करून शेवटी हा वाडा उभा राहिला आणि १९१० साली कुटुंब तिथे राहायला आलं. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला, सत्तावन्नाव्या वर्षी. एवढ्या थाटाच्या घरात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. तीस वर्षं रत्नागिरीत काढली, पण वाडा त्यातल्या पाचव्या हिश्श्यापुरताच त्याचा.

वाडा सुंदर आहे, यात वादच नाही. उतरती छपरं, लांबरुंद व्हरांडे, लाल भिंती. खिडक्यांकडे नीट बघा असं मी मुद्दाम सांगेन. वरचा भाग अर्धवर्तुळाकार, त्यात लाकडाचं नक्षीकाम आणि रंगीत काचा. ऊन कलायला लागलं की त्या काचांतून आलेला रंग आतल्या भिंतीवर हळूहळू वर सरकत जातो. वरच्या मजल्यावरच्या दालनाला संगमरवरी फरशी आहे. मागच्या बाजूला बुद्धाची दगडी मूर्ती आहे. आणि गच्चीवरून जे दिसतं ते बघून पोटात कालवतं, कारण समोर भाट्याची खाडी, तिच्या तोंडाशी समुद्र, आणि त्या समुद्रावरून आपल्या देशी जायची या माणसाला परवानगी नव्हती. राजा दुर्बीण घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघत बसायचा असं इथले जुने लोक सांगतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी लिहायला बसलो. धाकटी राणी १९१२ मध्ये वारली. तिचं दफन झालं नाही. चार वर्षांनी राजा गेला. त्याचंही झालं नाही. सुपायालतचा हट्ट होता की दोघांचे देह ब्रह्मदेशात न्यायचे. तिथे राजाच्या कबरीवरून लोक पेटतील या भीतीने सरकार तयार नव्हतं. शवपेट्या वाड्याच्या आवारातच राहिल्या. शेवटी १९१९ च्या मार्चमध्ये सरकारने राणीची संमती नसतानाच दोघांना रत्नागिरीत मातीआड केलं, आणि त्याच वर्षी तिला आणि मुलींना ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. म्हणजे ज्या वाड्यात आपण फोटो काढतो, त्याच्याच आवारात राणी वर्षानुवर्षं नवऱ्याची आणि बहिणीची शवपेटी जवळ ठेवून सरकारशी झगडत होती. हे माहीत असेल तर तोच व्हरांडा वेगळा दिसतो.

कबर ख्रिस्ती दफनभूमीला लागून, भिंत घातलेल्या छोट्या आवारात आहे. राजाची आणि धाकट्या राणीची, शेजारी शेजारी. जरूर जा.

---

सोनचाफा
लेख आवडला, वाचनखूण साठवली. शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस पाहिला होता, पण बाईंनी फक्त "इथे ब्रह्मदेशचा राजा राहत होता" एवढंच सांगितलं होतं. शवपेट्यांबद्दल आजच कळलं.

एक शंका आहे. ही मंडळी बौद्ध होती ना? मग दहन का नाही केलं?

---

मिऱ्याबंदर
मी इथलाच. लहानपणी कबरीच्या आसपास झाडी इतकी वाढलेली असायची की पोरं तिथे जायला घाबरायची. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आले होते तेव्हा एकदम साफसफाई झाली, रस्ता झाला. पुढे २०१६ ला राजाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, त्या वेळी तिकडून मोठी मंडळी आणि राजाचे वंशज आले, भिक्षू आले, रीतसर प्रार्थना झाली. तेव्हा गावातल्या कित्येकांनी ही जागा पहिल्यांदा पाहिली. खाडीकाठ म्हणतात ते खरं आहे, आम्हा गाववाल्यांनीच ती विसरून टाकली होती.

थोरल्या राजकन्येबद्दलही कोणीतरी लिहायला हवं. ती आईबरोबर ब्रह्मदेशात गेली खरी, पण तिचा जीव रत्नागिरीत अडकला होता. इथल्याच, वाड्यावर नोकरीला असलेल्या माणसापासून तिला मुलगी झाली होती, टुटू. राजकन्या परत आली, इथेच हालात दिवस काढले आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटू तर पुरती रत्नागिरीकर झाली. मराठी बोलायची, शेणाच्या गोवऱ्या थापून संसार ओढला. २००० साली गेली. राजाची नात आपल्या गल्लीत राहते हे माहीत असलेली म्हातारी माणसं अजून भेटतात, आणि ती तिच्याबद्दल मायेनेच बोलतात.

---

खाडीकाठ
@सोनचाफा, प्रश्न अगदी योग्य. ब्रह्मदेशच्या राजघराण्यात कबर बांधल्याची उदाहरणं आहेत. थिबाचे वडील मिंडॉन यांची कबर मंडालेच्या राजवाड्याच्या आवारातच आहे, आजही बघता येते. सुपायालतचा आग्रह यासाठीच होता, राजाने आपल्या बापाच्या भूमीत विसावावं असं तिला वाटत असणार. ती स्वतः १९२५ मध्ये रंगूनला, म्हणजे आजच्या यांगूनला, वारली. तिची कबर श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे. नवरा रत्नागिरीत आणि बायको रंगूनमध्ये. दोघांना एकत्र आणायची मागणी मधूनमधून अजून होत असते.

@मिऱ्याबंदर, टुटूबद्दल लिहिलंत, फार बरं केलंत. वाड्यात तिचा काही मागमूस नाही, याची मला फार खंत वाटते.

---

ताम्हन
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. थिबाबद्दल आपण हळहळतो, पण त्याच्या राज्यारोहणानंतर, १८७९ च्या फेब्रुवारीत, राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची कत्तल झाली. बायकामुलंसुद्धा सुटली नाहीत. गादीला दावेदार नको म्हणून. हा माणूस रत्नागिरीत तनखा घेऊन राहत होता, अंदमानात कोलू ओढत नव्हता. त्याच काळात आपल्या लोकांनी काय भोगलं ते आठवावं. वाडा बघावा, इतिहास समजून घ्यावा, पण श्रद्धांजलीचा सूर मला पटत नाही.

---

खाडीकाठ
@ताम्हन, राग कशाला. कत्तल झाली हे खरंच आहे. त्यामागे सासूबाई, म्हणजे सुपायालतची आई, आणि तिच्या बाजूचे मंत्री होते असं इतिहासकार मानतात, पण राजा तो होता, त्याच्या नावाने झालं, ती जबाबदारी टळत नाही. मी त्याला साधुसंत ठरवत नाही.

मला वाटतं ते असं. त्याला कैद केलं ते या कत्तलीची शिक्षा म्हणून नाही. ती झाली तेव्हा इंग्रजांनी निषेध केला आणि गप्प बसले. सहा वर्षांनी सागवान आणि फ्रेंचांशी वाढत चाललेली जवळीक आडवी आली तेव्हा मात्र राज्य घेतलं. आणि चार लहान मुलींनी काय केलं होतं? त्यांचं सगळं बालपण, तारुण्य या टेकडीवर गेलं. लग्नाची वयं उलटून गेली तरी योग्य मुलगा कुठून आणायचा हा घोळ सरकार आणि राजा यांच्यात चालूच राहिला. कबरीपुढे उभं राहिल्यावर माझ्या डोळ्यांसमोर त्या मुली येतात.

---

झेंडूचं_शेत
याच गोष्टीची दुसरी बाजू रंगूनमध्ये आहे. आपल्या बादशहाला त्यांच्याकडे पाठवलं, त्यांच्या राजाला आपल्याकडे. बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये दिल्लीतून हलवून रंगूनला नेलं. ७ नोव्हेंबर १८६२ ला तो वारला आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत घाईघाईने पुरला. वर गवत लावून जमीन सपाट केली, जागा कोणाला सापडू नये म्हणून. लोक अंदाजाने एका ठिकाणी दर्गा मानत होते. १९९१ मध्ये तिथे गटाराचं खोदकाम चाललं असताना जमिनीखाली विटांची खरी कबर सापडली. नोकरीनिमित्त यांगूनला होते तेव्हा गेले होते. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. स्थानिक मुसलमान मंडळी तिथे पीर मानून येतात, चादर चढवतात. दिल्लीच्या बादशहाला तिथे रोज फुलं मिळतात आणि मंडालेच्या राजाला आपल्याकडे वर्षानुवर्षं झाडोरा, याची मला तिथे उभं असताना लाज वाटली होती.

थेन सेन २०१२ ला रत्नागिरीत आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपले पंतप्रधान मनमोहन सिंग जफरच्या कबरीवर गेले होते. दोन्ही बाजूंना ही जाणीव आहे असं दिसतं.

---

चुनासुरखी
जुन्या इमारतींच्या डागडुजीच्या कामात असल्यामुळे थोडं तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

कोकणातल्या अशा वास्तूंचा जीव जांभ्यात, म्हणजे इथल्या लाल दगडात, आणि चुन्यात असतो. जांभा खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक होतो. पण तो सच्छिद्र. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. दगड पाणी पितो आणि पावसाळा संपल्यावर चुन्याच्या दर्ज्यांतून (दोन दगडांमधल्या सांध्यांतून) ते बाहेर टाकतो. म्हणजे दर्जा हा भिंतीचा श्वास आहे. आता कोणीतरी उत्साहाने येतो आणि दर्जा सिमेंटने भरतो. सिमेंट पाणी अडवतं, पाण्याला बाहेर यायला दगडच उरतो, आणि मग चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन गळायला लागतो. बोटाने चोळलं तर लाल पूड हाताला येते. सिमेंटच्या रेषा मात्र जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसतात. अशी भिंत कुठे दिसली तर समजा की दुरुस्तीनेच मारलं आहे. मी जिल्ह्यातल्या एका छोट्या जुन्या दफनभूमीत हे होताना पाहिलंय. ठेकेदाराला थांबवायला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, अंदाजपत्रकात सिमेंटच आहे."

दुसरा शत्रू म्हणजे पिंपळ, वड, उंबर. पक्ष्याच्या विष्ठेतून बी थडग्याच्या फटीत पडतं. रोप हाताएवढं असताना उपटलं तर ठीक. मूळ जाड झाल्यावर उपटलं तर चिरे घेऊन येतं. तेव्हा वरून कापून मूळ जागच्या जागी मारावं लागतं, आणि मग फट चुन्यानेच भरायची.

---

सोनचाफा
@चुनासुरखी, कंटाळा अजिबात नाही! माझ्या माहेरजवळ दापोलीत इंग्रजांच्या काळातली थडगी आहेत, अक्षरं झिजून गेलीत. ती वाचायची असतील तर काय करायचं? आम्ही लहानपणी खडू घासायचो.

---

चुनासुरखी
खडू नका घासू. संगमरवराच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो, ओरखडेही पडतात. लिंबू, ॲसिड, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. संगमरवर म्हणजे चुनखडीचंच रूप, आम्लाने विरघळतो, आणि एकदा विरघळलेलं अक्षर परत येत नाही.

प्रकाश वापरा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, किरण पाटीला तिरपे लागतात आणि खोलगट अक्षरांत सावली भरते. भर दुपारी कोरी दिसणारी पाटी साडेपाचला वाचता येते. दाट झाडीत असेल तर आरसा न्या, ऊन पकडून पाटीवर बाजूने टाका. नाहीतर बॅटरी जवळजवळ पाटीला टेकवून एका कडेने धरा. चारही कडांनी एकेक फोटो काढा, घरी मोठे करून बघा, बहुतेक मजकूर लागतो. माती साचली असेल तर संबंधितांना विचारून, साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स.

दापोलीचं म्हणाल तर तिथे इंग्रजांची छावणी होती, म्हणूनच कॅम्प दापोली म्हणतात. हिंदुस्थानातल्या युरोपीय दफनभूमींच्या नोंदी करणारी बॅक्सा नावाची संस्था १९७६ पासून काम करते, तिची कागदपत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तुमच्याकडच्या थडग्यांची यादी तिथे असण्याची शक्यता आहे, चौकशी करून बघा. जे वाचाल ते लिहून ठेवा, कारण पुढच्या दहा पावसाळ्यांत त्यातलं बरंच जाणार.

---

पायवाट५१
आम्ही दोघं साठीपुढचे, नोव्हेंबरात जायचा विचार आहे. चालणं किती? आणि दफनभूमीत जायला काही बंधन? आपण परधर्मीय, कोणाला वाईट वाटायला नको.

---

मिऱ्याबंदर
काका, काही त्रास नाही. वाड्यापर्यंत रिक्षा जाते. आत जिने आहेत तेवढेच. वाड्यात पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे. सुट्टीचा वार निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या. कबरीच्या आवाराची जमीन ओबडधोबड आहे, पावसानंतर शेवाळं राहतं, बूट घाला.

बंधन असं नाही. शेजारची ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथे कोणाची तरी माणसं आहेत हे मनात ठेवलं की झालं. थडग्यावर बसू नये, टेकू नये, वर पाय देऊन फोटो काढू नये. कोणी कुटुंब आलेलं असेल तर थोडं लांब थांबावं. राजाच्या कबरीवर फुलं ठेवलीत तर कोणी काही म्हणत नाही. तिकडून येणारे लोक ठेवतात, आम्हीही ठेवतो.

---

ताम्हन
@खाडीकाठ, तुमचं उत्तर वाचून विचार केला. मुलींबद्दलचं म्हणणं मान्य. राजाबद्दल माझं मत फारसं बदललं नाही, पण मेमध्ये गावी जाणार आहे तेव्हा कबरीवर जाऊन येईन. आधी वाडा बघावा की आधी कबर?

---

खाडीकाठ
आधी कबर, असं मी सांगेन. सकाळी उन्हाच्या आत कबरीवर जा. तिथे फार वेळ लागत नाही, अर्धा तास पुरे. मग दुपारनंतर वाडा, म्हणजे खिडक्यांच्या काचांत ऊन येतं ते मिळेल. त्या दालनात उभं असताना शवपेट्या याच आवारात होत्या हे तुम्हाला माहीत असेल. बंद व्हायच्या वेळेच्या बऱ्याच आधी आत शिरा, कारण शेवटी शेवटी चौकीदार घाई करतो. थिबा पॉइंट तिथून जवळच आहे, पण मेमध्ये तिथे गर्दी असते, गाडी लावायला जागा मिळत नाही. चालत गेलात तर उत्तम.

आणि @मिऱ्याबंदर, टुटूला ओळखणाऱ्या ज्या म्हाताऱ्या मंडळींबद्दल लिहिलंत, त्यांच्या आठवणी कोणी टिपून ठेवल्या आहेत का? नसतील तर आपण दोघे बसू या. रेकॉर्डर माझ्याकडे आहे, गणपतीनंतर मी महिनाभर गावात आहे.

---

मिऱ्याबंदर
टिपल्या नाहीत कोणी. जमवू या. एक आजी नव्वदीला आलेल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि गणपतीपर्यंत थांबायला नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.